वांग्याचा सोयरा

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला विवेकानंद जन्मोत्सवात गेलात, तर पंगतीत पुरी आणि वांग्याची भाजी मिळेल. जेवताना वांग्याची मुळीही आठवा! चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद असतो, पण बांधलेला. मुळीचा हात पोचत नाही तिथून एक बुरशी केसाहून बारीक धाग्यांनी तो आणते. मुळीची पेशी तिला आत घेते. बुरशीला झाडासारख्या फांद्या फुटतात आणि पेशी आपला पातळ पडदा फांदीन् फांदीभोवती लपेटते. पडद्यातून स्फुरद आत, साखर व स्निग्धांश बाहेर. थोड्याच दिवसांत त्या फांद्या जिरतात, नव्या येतात. सुपर फॉस्फेट वारेमाप ओतलेत, तर झाड या सोयऱ्याला दार उघडीत नाही. खताचा पैसा जातो तो वेगळाच. कोबीचे मात्र या बुरशीशी जमतच नाही.