राज्य सोडलं की मुदत थांबते म्हणे

वसुलीवाल्या वकिलाच्या ऑफिसातला माणूस फोनवर अगदी थंडपणे म्हणाला, "तुम्ही कॅलिफोर्निया सोडलंत त्या दिवसापासून दावा लावायची मुदत मोजणं थांबलं." म्हणजे मी दहा वर्षं टेक्सासात काढली तरी ती हिशेबात नाहीत! माझं डोकं जे तापलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही.

नवऱ्याची नोकरी गेली, २०१७ साली क्रेडिट कार्ड थकलं, २०१९ मध्ये डॅलसजवळ बिऱ्हाड हलवलं. बँकेने थकबाकी कधीच विकून टाकली होती. त्यामुळे २०२३ मध्ये समन्स आलं, तेव्हा वादी म्हणून भलत्याच कंपनीचं नाव. कॅलिफोर्नियात लेखी कराराच्या दाव्याला ४ वर्षं, टेक्सासातही कर्जवसुलीला ४ वर्षंच. कुठूनही मोजा, दावा मुदतबाह्य.

साताऱ्याच्या काकांना फोन केला. त्यांची हयात दिवाणी कोर्टात गेली. "अगं, कसली काळजी करतेस? मुदतबाह्य दावा जज्ज स्वतःच फेटाळतात. कलम ३ वाच." बरोबर होतं त्यांचं, पण भारतापुरतं. आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात प्रतिवादीने तोंड उघडलं नाही तरी कोर्टाने मुदत बघायचीच असते. इथे उलटं. मुदत संपल्याचं आपणच लेखी उत्तरात मांडायचं. नाही मांडलं तर तो बचाव गेला. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात उत्तराला १४ दिवस. गप्प बसलात तर एकतर्फी निकाल, आणि मग तुमच्या बँक खात्याला हात घालायला ते मोकळे.

आता त्या फोनवाल्याचं. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५१ खरोखरच आहे : प्रतिवादी राज्याबाहेर असेल तो काळ मुदतीत धरायचा नाही. संहिता १८७२ ची. कर्ज बुडवून रातोरात घोड्यावरून पसार होणाऱ्यासाठी ठीक होतं. आज समन्स कुठल्याही राज्यात बजावता येतं. माझ्या दारात बजावलंच की! आपल्या मुदतीच्या कायद्यातही कलम १५ मध्ये असं काहीसं आहे, पण ते भारताबाहेर गेलेल्यासाठी. कोल्हापूरहून बेळगावला गेलं म्हणून कुणाची मुदत थांबत नाही. आणि २००८ साली कॅलिफोर्नियाच्याच अपील कोर्टाने सांगून ठेवलंय, की कायमचं दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्यांना कलम ३५१ लावणं राज्याराज्यांतल्या व्यवहाराला बाधक आहे. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? मी विचारलं, तर म्हणाला, "ते तुमच्या वकिलाला विचारा." लगेच आवाजात साखर : "सध्या फक्त २५ डॉलर भरा, तुमची इच्छा आहे एवढं दिसू दे."

ते २५ डॉलर म्हणजे गळाला लावलेलं आमिष. अनेक राज्यांत तेवढ्याशा भरण्यानेही मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुदत संपलेल्या कर्जासाठी दावा लावणं किंवा तशी धमकी देणं वसुली करणाऱ्यांना २०२१ च्या नोव्हेंबरअखेरपासून देशभर बंद आहे, तरी ही तऱ्हा.

घेतलेलं फेडावं, हेच मी लहानपणापासून ऐकत आले. पण फेडायचं कुणाला? अशी कर्जं डॉलरमागे सरासरी ४ सेंटला विकली जातात, असं फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१३ च्या अहवालात आहे. चार सेंट टाकून आख्खा डॉलर आणि वर व्याज मागणाऱ्याची मला काडीचीही दया येत नाही. तरी घरातला किराणा त्याच कार्डावर आला होता, हे काही केल्या मनातून जात नाही.

उत्तरात मी मुदतीचा मुद्दा पहिल्याच ओळीत घातला. सुनावणीआधीच वादीने दावा काढून घेतला. कारण दिलं नाही, पुन्हा लावायची मुभा मात्र ठेवली. आता तेच कर्ज तिसऱ्या कंपनीकडे गेलंय. तिचं पत्र आलं. मध्यभागी ठळक अक्षरांत सवलतीची रक्कम, आणि खाली बारीक अक्षरांत : कर्ज जुनं असल्यामुळे आम्ही तुमच्यावर दावा लावणार नाही. अशी पत्रं आली तर आधी ती खालची ओळ वाचा.