पान उलटताना

'रजिस्टर' हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी वावरतो. माझे रजिस्टर म्हणजे शाळेच्या कपाटात कुलूपबंद असणारी जाडजूड प्रवेश-नोंदवही. माझ्या मुलीचे रजिस्टर म्हणजे मेनफ्रेम संगणकातील, एखादी संख्या किंवा पत्ता क्षणभर धरून ठेवणारी चिमुकली जागा. अशा सोळा रजिस्टरांच्या आधारे तिचे असेम्ब्लर भाषेतील प्रोग्रॅम चालतात. आय.बी.एम. कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेचे वंशज आजही अनेक बँकांचे हिशेब सांभाळतात, आणि त्या पिढीतील प्रोग्रॅमांची डागडुजी करणे हा तिचा व्यवसाय.

यंदा गणपतीला ती पुण्याहून बेळगावला आली ती काम सोबत घेऊनच. दोन रात्री ती संगणकासमोरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सहज चौकशी केली.

"बाबा, प्रोग्रॅम कुठे थांबतच नाही, म्हणून चूक सापडत नाही," ती म्हणाली.

मला नवल वाटले. तेव्हा तिने चुकांचे दोन प्रकार सांगितले. काही चुका बोलक्या असतात. ८० बाइटांचे रेकॉर्ड असलेल्या फाइलीचा ब्लॉक कुणी ८०५ बाइटांचा लिहिला, तर भागाकार नि:शेष होत नाही आणि फाइल उघडतानाच यंत्र '०१३' असा क्रमांक देऊन काम बंद करते. रकमेच्या रकान्यात आकड्याऐवजी कोरी जागा असेल, तर बेरजेच्या क्षणी 'एस झिरो सी सेव्हन' म्हणून यंत्र अडून बसते. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक असते. अशा चुका शोधणे सोपे. परंतु काही चुका मुक्या असतात. प्रोग्रॅम शेवटपर्यंत सुखरूप चालतो, कागद छापून बाहेर येतो, आणि त्यावर एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडलेली असते.

तिच्यापुढे होती ती दुसऱ्या जातीची चूक. तिने कागदावर चौकोन काढून ती मला समजावली. फाइलीतील रेकॉर्ड एकेक करून आणण्यात फार वेळ जातो, म्हणून यंत्र त्यांचा गठ्ठाच उचलून स्मृतीतील एका जागेत ठेवते. त्या जागेला बफर म्हणतात. या फाइलीत दहा रेकॉर्डांचा, म्हणजे ८०० बाइटांचा एक गठ्ठा होता. माझ्या भाषेत, दहा ओळींचे एक पान. प्रोग्रॅमने पुढचे रेकॉर्ड मागितले की ते दोन रीतींनी मिळू शकते. पहिल्या रीतीत रेकॉर्डाचा मजकूर प्रोग्रॅमच्या स्वत:च्या जागेत उतरवून दिला जातो. दुसऱ्या रीतीत उतरवण्याचे श्रम वाचवून, रेकॉर्ड बफरात कुठे आहे तो पत्ता तेवढा एक क्रमांकाच्या रजिस्टरात मिळतो.

तिने जुन्या प्रोग्रॅमात भर घातली होती. प्रत्येक रेकॉर्डाची मागच्याशी तुलना करायची, खातेदार बदलला की मागच्याच्या नावे बेरीज छापायची. मागचे रेकॉर्ड म्हणून तिने जपून ठेवला होता तो केवळ त्याचा पत्ता. पान तेच असेपर्यंत सारे ठीक चाले. पान उलटले की मात्र जुना बफर पुढचा गठ्ठा भरण्यासाठी मोकळा होई. पत्ता तोच राही, पण त्या पत्त्यावर आता दुसराच कुणी राहायला आलेला असे. कधी नवा गठ्ठा यायला क्षणभर उशीर होई आणि उत्तर बरोबर निघे. त्यामुळे गूढ अधिकच वाढले. अखेर चुकलेल्या रेकॉर्डांचे क्रमांक ओळीने मांडल्यावर तिला दिसले, की त्या प्रत्येकाच्या शेवटी १ आहे. चाचणीसाठी घेतलेल्या फाइलीत रेकॉर्ड होते अवघे आठ. तिथे पान उलटण्याची वेळच आली नव्हती!

उपाय एका ओळीचा निघाला: पुढचे रेकॉर्ड मागण्यापूर्वी हातातल्याचा मजकूर आपल्या जागेत उतरवून घेणे. चूक आपली होती, हेही तिने त्याच दिवशी वरिष्ठांना लिहून कळवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नुकताच शिक्षक झालो असताना, शाळेची वाळवी लागलेली प्रवेश-नोंदवही नव्या वहीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले होते. पानाच्या तळाशी असलेल्या एका मुलाचे नाव लिहून झाले, पान उलटले, आणि 'शेवटची ओळ' एवढेच ध्यानात ठेवून मी पुढच्या पानाच्या शेवटच्या ओळीतील जन्मतारीख त्याच्यापुढे लिहिली. कुणी हटकले नाही. तो मुलगा सैन्यभरतीसाठी रांगेत उभा राहिला, तेव्हा दोन कागदांवरील तारखा जुळेनात म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. दुरुस्ती होईतो त्याचे वय उलटून गेले. दुरुस्तीच्या वेळी जुनी वही काढून पाहिली, तेव्हा हस्ताक्षर माझे आहे हे एकट्या मला कळले होते. मी गप्प राहिलो.

विसर्जनानंतर मी त्याच्या दुकानी गेलो आणि सारे सांगितले. तो बराच वेळ तराजूकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तारीख वडलांनीच चुकीची सांगितली, असं मी धरून चाललो होतो की हो. ते जाईपर्यंत त्यांनाच बोल लावत आलो."

माझ्या मुलीने प्रोग्रॅम दुरुस्त करून पुन्हा चालवला आणि ज्याची रक्कम त्याच्या नावे जमा झाली. माझ्या चुकीचा बोल ज्यांच्या नावे जमा झाला, ते आता दुरुस्तीच्या पलीकडे आहेत. हल्ली शाळेत नोंदी उतरवताना मी पान उलटण्याआधी थांबतो, आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून ताडून घेतो. त्या वडलांपुढे मात्र आता काहीच वाचून दाखवता येत नाही.