हे वाक्य कोणाचं?

नववी-दहावीच्या मुलांना एक्सएमएल शिकवायचं म्हटलं की बहुतेक पुस्तकं पहिल्याच ओळीत सांगून मोकळी होतात: एक्स्टेन्सिबल मार्कअप लँग्वेज, म्हणजे वाढवता येणारी खुणांची भाषा. हे वाचून मुलं जांभई देतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. व्याख्या बरोबरच आहे, पण ही भानगड मुळात लागते कशाला, ते तिच्यातून कळत नाही.

आमच्या सोसायटीतली तीन मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे संगणक शिकायला येतात. एचटीएमएल त्यांचं शाळेत थोडंफार झालंय. मी कागदावर नुसतं '१९६१' लिहिलं आणि विचारलं, हे काय आहे? थोरला म्हणाला, साल. दुसरा म्हणाला, कशाची तरी किंमत असेल. धाकटी म्हणाली, "काका, पिनकोड असेल, दोन आकडे राहिलेत तुमचे." आता यातलं चूक कोणतं म्हणायचं? आजूबाजूचा मजकूर वाचून माणूस अंदाज बांधतो. हल्ली संगणकही बांधतो. पण अंदाज तो अंदाजच. खात्री हवी असेल तर लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवायला हवं. मग मी त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या लावल्या:

<साल>१९६१</साल>

झालं, हे एक्सएमएल. पुण्यातल्या माणसाला पाटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको!

एचटीएमएलमध्येही अशाच खुणा असतात, पण त्या ठरवून दिलेल्या: हा परिच्छेद, हे शीर्षक, हा तक्ता. एक्सएमएलमध्ये खुणांची नावं आपण ठरवायची. आणि ती मराठीत ठेवली तरी चालतात, हे ऐकून मुलांचे चेहरे एकदम खुलले. यात जादू काही नाही. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएलची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर केली तेव्हाच तिच्या पायाशी युनिकोड होतं. म्हणून खुणेचं नाव 'साल' असू शकतं, 'उद्गार' असू शकतं.

नियम मोजकेच आहेत. उघडलेली प्रत्येक खूण बंद करायची. आत उघडलेली आधी बंद, बाहेरची नंतर. डब्यात डबी ठेवली तर डबीचं झाकण आधी लावावं लागतं तसं. सगळ्यांना पोटात घेणारी एकच खूण सर्वांत बाहेर असायची. खुणेला जोडून जास्तीची माहिती द्यायची तर ती अवतरणचिन्हांत. आणि नाव उघडताना जसं लिहिलं तसंच्या तसं बंद करताना. उघडताना 'शीर्षक' आणि बंद करताना 'शिर्षक' लिहिलंत की खेळ खलास. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत एवढं कडक कोणी मराठीच्या बाईंनंतर मी पाहिलेलं नाही. एचटीएमएलच्या चुका ब्राउझर पोटात घालतो आणि पान कसंबसं दाखवतो. एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम मात्र पहिल्या अशा चुकीलाच काम थांबवतो. दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद.

मुलांना हा कडकपणा जाचक वाटला. एवढ्यातेवढ्यावरून अडून बसण्यात काय अर्थ आहे, असं थोरल्याचं म्हणणं. मला तो कडकपणा हवासा का वाटतो, हे सांगायचं तर बाबांच्या फायलींबद्दल लिहायला हवं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. बाबा तेव्हा शाळेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या पुराच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. नातेवाईक, जुने शेजारी, वर्गमित्र, ज्याला त्याला गाठून बोलतं करायचे आणि घरी येऊन टंकत बसायचे. स्वतःच्या आठवणीही त्यातच लिहायचे. स्वतःचा मजकूर नेहमीच्या टाइपात आणि दुसऱ्याने सांगितलेलं थोड्या बारीक टाइपात, अशी त्यांची पद्धत. छापलेल्या पानावर ते छान दिसायचं, आणि कोण बोलतंय ते नजर टाकली की कळायचं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूळ फायली ज्या फ्लॉप्यांवर होत्या त्या वाचल्या जात नाहीत, छापील पानं घर बदलताना गेली. उरल्या त्या कोणाला तरी पाठवायला काढलेल्या, नुसत्या मजकुराच्या प्रती. त्या उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. त्या काळच्या पुष्कळ मराठी फाँटांची गंमत अशी होती की फायलीत मराठी नसायचंच. रोमन अक्षरांचे क्रमांक असायचे आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा. फाँट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, षोडशमान पद्धतीत ०९१५. फाँट कोणताही असो, तो क्रमांक 'क'चाच.

असो. अक्षरांचा प्रश्न सुटला. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, त्यातून बाबांचा मजकूर नव्वद-पंचाण्णव टक्के शुद्ध मराठीत परत आला. परत आला नाही तो बारीक टाइप. सगळी वाक्यं आता एकाच आकाराची आहेत.

त्यात एक वाक्य आहे: "मी गच्चीवरून पाहिलं, लकडी पुलावरून पाणी चाललं होतं."

यातला 'मी' कोण? बाबा? की ज्यांच्याशी ते त्या दिवशी बोलून आले ते गृहस्थ? बाबा गच्चीबद्दल आमच्यापाशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आईलाही आठवत नाही. पण न बोलणं हा त्यांचा स्वभावच होता, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. सगळं शाबूत आहे, प्रत्येक अक्षर आहे. फक्त माझे वडील त्या गच्चीवर होते की नाही, एवढं कळत नाही.

बाबांना हे एका ओळीत सांगून ठेवता आलं असतं:

<आठवण>
  <निवेदन>त्या दिवशी सकाळपासून अफवा होती.</निवेदन>
  <उद्गार कोणाचे="शेजारच्या आजी">आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी निघालो.</उद्गार>
</आठवण>

दिसायला हे बारीक टाइपाइतकं देखणं नाही, मान्य. पण खूण मजकुराच्या आतच बसलेली आहे. मजकूर जाईल तिथे ती जाईल, मग फाँट बदलो, प्रोग्राम बदलो, संगणक बदलो. 'उद्गार' बारीक दाखवायचे की तिरपे की निळे, ते नंतर कोणीही ठरवावं. गोष्ट कशी दिसते हे एकीकडे आणि ती काय आहे हे दुसरीकडे, एवढी एक फारकत मुलांच्या डोक्यात बसली तर बाकीचं एक्सएमएल ती आपापलं शिकतील.

पुण्याला हे काम नवीन नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू केलं, ते १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. आपण स्वीकारलेल्या पाठाची जिथे पुरेशी खात्री वाटली नाही, तिथे संपादकांनी त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली, आणि पाठभेद तळाशी नोंदवले. त्या रेघेचा अर्थ काय, हेही सांगून ठेवलं. जे माहीत आहे ते आणि जे नक्की नाही ते, दोन्ही वाचणाऱ्याच्या हाती दिलं. पुढे जुने ग्रंथ संगणकावर आणणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांनी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या नावाने खुणांची एक पद्धत बसवली. ती आज एक्सएमएलमध्येच लिहितात, आणि तिच्यात 'नीट वाचता येत नाही' यासाठीही खूण आहे.

आता एक्सएमएलचं काय राहिलंय, जमाना जेसनचा आहे, असं कोणी म्हणेल. संकेतस्थळांच्या देवाणघेवाणीपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण वर्डची आजची फाइल म्हणजे एक्सएमएलच्या फायलींचं झिप केलेलं गाठोडंच असतं. ई-पुस्तकं घ्या, एसव्हीजी चित्रं घ्या, आधारची ऑफलाइन ई-केवायसीची फाइल घ्या, आत तेच. आणि हेही कबूल करायला हवं की एक्सएमएल स्वतः काहीच करत नाही. 'उद्गार' म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. ते लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आपसात ठरवायचं असतं.

सध्या मी रोज रात्री बाबांच्या पाच-सहा वाक्यांना खुणा करतो. बरीचशी सोपी आहेत. 'आमच्या शाळेत' आलं की ते बाबा. 'माझा धाकटा दीर' आलं की ती कोणीतरी आजी. मध्येच एखादं असं येतं की दोन दिवस पुढे जाववत नाही. अंदाज करायचा मोह होतो. बाबांना गच्चीवर उभं करणं माझ्या हातात आहे, एक खूण घातली की झालं, आणि उद्या वाचणाऱ्याला शंकासुद्धा यायची नाही.

म्हणूनच ते करता येत नाही. त्या वाक्याला मी सध्या अशी खूण केली आहे:

<उद्गार कोणाचे="अनिश्चित">मी गच्चीवरून पाहिलं, लकडी पुलावरून पाणी चाललं होतं.</उद्गार>

तुमच्या घरी कोणी असं काही लिहून ठेवत असेल, तर कोणतं वाक्य कोणाचं ते आजच विचारून घ्या. कागदावर पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल.