उठायचं झटकन, बसायचं सावकाश

अर्धांगवायू झालेल्या माणसाला जपायचं असतं, असंच आमच्या घरात सगळे धरून चालले होते. पाण्याची कळशी सोडाच, तांब्यासुद्धा कोणी मला उचलू देत नव्हतं. त्यामुळे फिजिओथेरपीच्या मॅडमनी डाव्या पायाला वजनाचा पट्टा बांधून "काका, आता जोरात!" म्हटलं, तेव्हा मी पार गोंधळलो.

आधी रक्तदाब पाहिला, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. मग खुर्ची. उठायचं झटकन, बसायचं सावकाश. उठताना मांडी थरथरते, टाच सुटू पाहते आणि शरीर सगळा भार गुपचूप उजव्या पायावर ढकलतं. मॅडमना ते लगेच कळतं. त्या उजवं पाऊल जरा पुढे सरकवतात, की डाव्याची सुटका नाही.

पण झटकन कशासाठी? पाय दुबळा झालाय तर हळूहळू घ्यायला हवं ना? मॅडम म्हणाल्या, न वापरल्यानं स्नायू बारीक होतो हे खरंच, पण मूळ दुखणं मेंदूकडून येणाऱ्या हुकमाचं. तो थोड्याच स्नायुतंतूंपर्यंत पोचतो, तोही उशिरा. तोल गेला तर पाय क्षणात पुढे पडायला हवा. तिथे नुसती ताकद पुरत नाही.

मधेच विचारतात, "किती दमलात, सहा ते वीसमध्ये सांगा." ही बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची मोजपट्टी. नाडी का नाही मोजत? तर माझी बीटा-ब्लॉकरची गोळी नाडी फारशी वाढूच देत नाही. म्हणून दम माझ्याच तोंडून वदवून घ्यायचा. पंधरा म्हटलं की मॅडम खूश.

जोर लावून मला काही होईल, ही बायकोची भीती अगदीच अनाठायी नव्हती. झटका आल्यावर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला उठवून वारंवार चालवलं, तर तीन महिन्यांनंतरचा निकाल उलट खालावतो, असं २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत दिसलं. पण ते पहिल्या दिवसांचं. प्रकृती स्थिरावल्यावरचे महिने वेगळे. जोर लावला तर हातपाय आणखी आखडतील, असं पूर्वी थेरपिस्टही मानत. पुढच्या अभ्यासांत तसं आढळलं नाही.

मग घरी सोडतानाच्या कागदावर नुसतं 'हलका व्यायाम' का लिहिलं होतं? किती हलका, आणि कधीपर्यंत? पुढच्या तपासणीला मी हेच विचारणार आहे.