अळवाच्या पानाची विद्या

क्षणभंगुरतेला उपमा हवी असली, की मराठी माणसाच्या ओठांवर ‘अळवावरचे पाणी’ येते. या उपमेत सारी कणव पाण्याच्या वाट्याला आली. ते पाणी अंगाला लागू न देणाऱ्या पानाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. वस्तुतः कौतुक करावे ते पानाचेच! आषाढाच्या मुसळधार पावसात परसातली सारी झाडे चिंब होतात. अळवाचे पान तेवढे कोरडेच राहते. थेंब पडतो, पाऱ्यासारखा गोल होतो आणि वाटेतली धूळ गोळा करीत घरंगळून जातो.

पानावर मेण असते, एवढे सांगून हे कोडे सुटत नाही; कारण मेणबत्तीवर थेंब असा धावत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यामुळे या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. पानावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे सूक्ष्म कण असतात. मधल्या जागेत हवा राहते. म्हणजे थेंब पानावर टेकतो तो नावापुरताच. त्याचा बहुतेक भार हवेवर असतो. अळवाच्या पानाची घडणही याच जातीची आहे.

पाणी परतवण्याची कला मनुष्यालाही फार पूर्वीपासून अवगत आहे. अवघड असते ते तिला टिकवणे. कारण प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाने आकसते, म्हणून त्यावरचा ताठर लेप लवकरच तडकतो. पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी होड्यांना माशांचे तेल चोळीत, ते लाकडात मुरावे म्हणून. आणि तेही वेळोवेळी पुन्हा चोळावे लागे. धनगराच्या घोंगडीला मुळातच मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धतेचा आधार असतो.

भिंतीची गोष्ट अधिक नाजूक. विटांच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते आणि पृष्ठभागातून वाफ होऊन बाहेर पडते. बाहेरून घट्ट रंगाचा पापुद्रा चढवला, की ही वाट बंद होते; मग रंगाला फोड येतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात. पाणी अडवण्याच्या उत्साहात पाणीच कोंडून ठेवण्याचा हा प्रकार! त्यापेक्षा सिलेन नावाच्या पातळ द्रवाची रीत शहाणपणाची. तो छिद्रांत शिरतो आणि विटेतल्या सिलिकाशी रासायनिक बंधाने जोडला जातो. छिद्रे तो बुजवीत नाही. त्यांच्या कडांना पाण्याचे वावडे तेवढे लावतो. वाफ जाते, पाऊस आत येत नाही. चुनखडीच्या दगडावर मात्र ही मात्रा तितकीशी चालत नाही, कारण तेथे सिलिका अल्प असते.

कापडाने मनुष्याला सर्वांत अधिक छळले. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचे पेटंट घेतले. ते कापड उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ताठरे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर स्थिर केले. पण अशा अंगरख्यात पाऊस बाहेर राहिला, तरी घाम आतच राहिला. पुढे विसाव्या शतकात फ्लुओरिनची संयुगे आली. ती धाग्याधाग्याला बिलगत, विणीतली छिद्रे मोकळी ठेवीत, आणि पाणीच काय, तेलही झटकून टाकीत. टिकाऊपणाचा प्रश्न सुटला असे वाटले. परंतु जे कापडावर टिकते, ते नदीतही टिकते. कार्बन आणि फ्लुओरिन यांचा बंध ऊन, पाऊस, जंतू यांपैकी कोणालाही सहजी दाद देत नाही. ही संयुगे पाण्यात, माशांत आणि माणसांच्या रक्तात सापडू लागली. त्यांतल्या पीएफओए नावाच्या आम्लाचा वापर संपवावा, असे २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या सदस्य राष्ट्रांनी ठरवले. काही उपयोगांना तेवढी सवलत ठेवली. तेव्हापासून अनेक कारखानदार मेण आणि सिलिकोन यांच्याकडे वळले आहेत. हे लेप तेलाला दाद देतात आणि काही धुण्यांनंतर पुन्हा द्यावे लागतात.

झिजणे पानालाही चुकलेले नाही. अंगठ्याने जोराने चोळले, तर तेथले मेण निघून जाते आणि थेंब त्या जागी चिकटून बसतो. परंतु अनेक वनस्पतींच्या वाढत्या पानांवर आतून नवे मेण पाझरते आणि जखम भरून येते. प्रयोगशाळांत आता अशाच लेपांवर काम चालू आहे: लेपाच्या पोटात थोडे स्निग्ध द्रव्य साठवायचे आणि ओरखडा पडताच ते वर यायचे. मात्र मेण परत आले, तरी घासून सपाट झालेले ते बारीक उंचवटे पुन्हा कसे उभे करावे, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.