मला मांजर आवडतं, म्हणून 'गा'!

मंगळवारी रात्री साडेअकराला मी अंथरुणात ताडकन उठून बसले आणि घोरणाऱ्या नवऱ्याला हलवून म्हटलं, "अरे, मांजर कर्ता आहे!"

तीन आठवडे झाले, जपानी शिकतेय. लिपीने छळलं नाही. छळलं ते शब्दांच्या शेपटाला लागणाऱ्या चिटुकल्यांनी. वा, गा, ओ, नि, दे. ('नि' म्हणजे आपला 'आणि' नव्हे, हे पचवण्यात दोन दिवस गेले.) त्यातला 'वा' तर लिहायचा 'हा' आणि वाचायचा 'वा'. १९४६ साली जपानने लेखन उच्चाराच्या जवळ आणलं, पण ही जुनी खोड तशीच ठेवली. ठेवू देत. पण 'वाताशी वा नेको गा सुकी देस' यात मांजराला, म्हणजे 'नेको'ला, कर्त्याचा 'गा' का? आवडणारी मी, आवडलेलं मांजर. मग मांजर कर्म आणि कर्माला 'ओ'. मी दर वेळी 'ओ' लिहायची, दर वेळी लाल रेघ.

हा हिशेब इंग्रजीतला होता हो! पुस्तक इंग्रजी, म्हणून डोक्यात 'आय लाइक कॅट्स'. मराठीत काय म्हणतो आपण? मला मांजर आवडतं, मला मांजरी आवडतात. क्रियापद धावतंय मांजराच्या मागे, मी आपली 'ला' लावून कोपऱ्यात!

मग कसली झोप! निहोंगो गा वाकारिमास: मला जपानी कळतं. जिकान गा आरिमास: मला वेळ आहे. आतामा गा इताई: डोकं दुखतंय. तोमोदाची नि आइमास: मैत्रिणीला भेटते. 'ला' तिथे 'नि'! सेन्सेई नि किकिमास: शिक्षिकेला विचारते. शाळेत 'स, ला, ते' घोकताना बाईंचा किती राग यायचा मला.

'वा' आणि 'गा'तली मेख मात्र फजिती होऊन कळली. ओळख करून देताना मी ठसक्यात 'वाताशी गा' म्हटलं. सेन्सेई हसल्या. "कोणी शंका घेतली होती का?" 'मी अमुक' म्हणायचं सोडून मी 'मीच ती अमुक' म्हणून बसले होते. 'ती कोण?' असं कोणी विचारलं असतं, तर चाललं असतं.

मराठी सगळीकडे तारून नेत नाही. आपला 'त' दगा देतो. पुण्यात राहते आणि पुण्यात नोकरी करते, आपल्याला दोन्हीकडे 'त'. जपानीत राहण्याला 'पुणे नि' आणि नोकरीला 'पुणे दे'. नुसतं असणं-राहणं असेल तर 'नि', तिथे काही करायचं असेल तर 'दे'. हाच 'दे' 'बसने गेले'मधला 'ने'सुद्धा होतो: बासु दे. मी मनाशी धरलंय की काम करायचं तर जागाही बसइतकीच कामाला जुंपायची. व्याकरणकार हसतील, पण माझ्या चुका कमी झाल्यात.

काल जेवताना नवरा म्हणाला, "आज भाजी मस्त झालीय." माझ्या कानाला तो 'आज' खटकला. 'क्यो वा' म्हटलं की आजचा दिवस बाकीच्यांपासून वेगळा निघतो. पोळी तव्यावर तशीच सोडून मी वळले.

"'वा' नको. 'मो' लाव. 'आजही'! क्यो मो!"

"क्यो मो," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.