परत दुकानावर कधी निघायचं?

खानापूर तालुक्यातल्या गलाई कारागिराचं घर विट्याच्या आसपास असतं आणि दुकान कोइमतूरला, पाटण्याला किंवा गुवाहाटीला. सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा इथल्या माणसांनी देशभर नेला. त्यामुळे विट्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला क्षयाच्या रुग्णाचं नाव, वय आणि वजन लिहून भागत नाही. “परत दुकानावर कधी निघायचं?” हेही पहिल्याच भेटीत विचारावं लागतं. यात्रेसाठी आलेला माणूस काही दिवसांत परत जाणार असतो आणि उपचार असतात सहा महिन्यांचे.

सहा महिने कशासाठी, हे पटवून देण्यात या डॉक्टरचं खरं कसब आहे.

ई. कोलाय हा आतड्यातला जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. आयसोनियाझिड हे औषध त्याची मेणचट भिंत बांधू देत नाही. पण जो जंतू वाढतोय, भिंत बांधतोय, त्याच्यावरच ते चालतं. असे जंतू पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येनं मरतात. ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो. उरतात ते दडून बसलेले, मधूनच जागे होणारे. असा जंतू जागा होऊन जनुकांवरून संदेश उतरवून घेऊ लागला की रिफॅम्पिसिन आड येतं. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेतल्या जंतूंना गाठतं. एखादा जंतू आयसोनियाझिडला आधीच दाद देत नसेल, तर रिफॅम्पिसिन एकटं पडू नये म्हणून इथॅम्ब्युटॉल सोबत असतं. पहिले दोन महिने चारही औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन.

फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात आणि एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे त्यांत आधीपासूनच असतात. ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसलं होतं. रुग्ण आधी सुधारले, मग अनेकांच्या थुंकीत औषधाला दाद न देणारे जंतू सापडू लागले. तेव्हापासून क्षयावर एकटं औषध देत नाहीत.

“पोराला पॉवरचं औषध द्या की, डॉक्टर,” असं आई म्हणते तेव्हा तिची काळजी खरीच असते. पण लांबलेल्या खोकल्यावर थुंकी न तपासता लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, तर क्षयाचा जंतूही थोडा दबतो. बरं वाटतं, निदान लांबतं आणि पुढं गरज पडेल ते औषध बोथट होतं. आता तर गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र थुंकीत जंतू आहे का आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत सांगतं. तपासणीआधीच पॉवरची गोळी लिहिणं आता अक्षम्य आहे.

दुष्परिणामही सुरुवातीलाच सांगितलेले बरे. रिफॅम्पिसिननं लघवी लालसर होते. ते रक्त समजून घाबरलेला माणूस गोळ्या बंद करतो. आयसोनियाझिडनं हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन जोडतात. डोळे पिवळे झाले किंवा रंग ओळखता येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं.

एके काळी या भागातले क्षयरोगी मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जात. पुढं 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासानं घरी आणि आरोग्यधामात उपचार घेणाऱ्यांची तुलना केली. घरची गरिबी आणि दाटी असूनही औषधं नियमित घेणारे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. गलाई कारागिराला दुकान सोडावं लागत नाही, ते या निष्कर्षामुळंच.

त्याची नोंद ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत असते आणि ती दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे वर्ग करता येते. गोळ्या तिथं फुकट मिळतात. तरीही विट्याच्या डॉक्टरनं त्याला अधूनमधून फोन करावा आणि वजन विचारावं. 35 ते 49 किलोला रोज तीन गोळ्या, 50 ते 64 किलोला चार. जेवण सुधारून सेहेचाळीसचा माणूस बावन्नवर गेला, तर तिथल्या केंद्रात पुन्हा वजन करून चौथी गोळी सुरू करून घ्यायला त्याला सांगायचं असतं.